दातांच्या दवाखान्यात डोळ्यांची राखण

सकाळी नऊ-साडेनऊला बुधवार पेठेच्या किंवा मिलिंदनगरच्या रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहावे. डबा घेऊन, केस नीट बांधून, पांढरा कोट पिशवीत घालून झपाझप चालणाऱ्या आपल्या मुली दिसतील. यांच्या आजोबांनी गिरणीत साचे चालवले, आजीने आणि आईने विड्या वळल्या. गिरण्यांचे भोंगे बंद झाले. विडीच्या पाटीत आपली लेक बसू नये म्हणून आईने तिला दहावी-बारावीपर्यंत शिकवले. आता ही लेक कुठे डोळ्यांच्या दवाखान्यात, कुठे लॅबोरेटरीत, तर कुठे दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून जाते. पगार थोडा असला तरी काम सावलीतले आहे, स्वच्छ आहे, चार माणसे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. घरच्यांना त्याचा अभिमान वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे.

पण विडीने आईच्या छातीचे काय केले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. गिरणीतल्या कापसाने आजोबांचा खोकला कसा वाढला हेही पाहिले आहे. मग लेकीच्या या नव्या कामात कोणता धोका आहे, हे आपण कधी विचारले का? दातांच्या दवाखान्यात धोका तो कसला, असे पुष्कळांना वाटते. तिथे ना मोठे यंत्र, ना भट्टी. परंतु तिथे एक नाजूक गोष्ट रोज दावणीला लागलेली असते. ती म्हणजे डोळा. डॉक्टरांचा, मदतनीस मुलीचा, सफाई करणाऱ्या मावशीचा आणि खुर्चीत आडवे झालेल्या रोग्याचाही. याच विषयावर आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. घरात सर्वांना वाचून दाखवाव्यात.

तोंडातून डोळ्यात काय उडते?

पूर्वी दात कोरण्याचे यंत्र हळू फिरत असे. १९५७ सालापासून हवेच्या दाबावर फिरणारे एअरोटर यंत्र आले आणि जगभर पसरले. त्याचे टोक मिनिटाला तीन ते चार लाख वेळा फिरते. ते तापू नये म्हणून त्याच्यावर पाण्याचा फवारा चालू असतो. आता कल्पना करा, इतक्या वेगाने फिरणारे टोक दाताच्या कठीण आवरणाला किंवा जुन्या चांदीच्या भरणीला लागले म्हणजे काय होईल? दाताचे कण, चांदीचे तुकडे, कधी यंत्राचे मोडलेले टोक गोळीसारखे बाहेर येते. दातांवरचा कीट काढण्याचे जे थरथरणारे यंत्र असते, त्याने कीटाचे खडे आणि रक्तमिश्रित पाणी उडते. डॉक्टरांचे तोंड रोग्याच्या तोंडापासून वीतभर-हातभर अंतरावर आणि थुंकी ओढणारी नळी धरून बसलेली मुलगी त्याहून जवळ. कण उडाला तर जाणार कुठे?

कवळ्या तयार करण्याच्या जागी तर आणखी वेगळे. तिथे आपली बरीच मुले काम करतात. कवळी घासताना प्लॅस्टिकचा भुसा उडतो, तार कापताना तिचे टोक उसळते, प्लॅस्टरची धूळ दिवसभर डोळ्यांत जाते. वेल्डिंगवाला डोळ्यांवर काच धरतो, कारण ठिणगी दिसते. कवळीचा कण दिसत नाही, म्हणून आपण डोळे उघडे ठेवतो. एवढाच फरक.

तिसरी गोष्ट औषधांची. रूट कॅनल करताना दाताचे मूळ धुण्यासाठी जे औषध वापरतात ते कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचच्या जातीचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट असते. दाताला सिमेंट चिकटावे म्हणून आधी जे निळे-हिरवे जेल लावतात त्यात फॉस्फोरिक आम्ल असते. ही औषधे दातासाठी आहेत, डोळ्यासाठी नाहीत. ब्लीचसारखी क्षारयुक्त औषधे तर डोळ्यात गेली की वरवर जाळून थांबत नाहीत, आत मुरत जातात. पिचकारीची सुई नीट बसली नसेल आणि दाब जास्त पडला, तर औषध पिचकारीतून सुटते आणि थेट डोळ्यात जाते. अनेकदा हा डोळा रोग्याचा असतो, कारण तो खाली आडवा असतो आणि हत्यारे, सुया, बाटल्या त्याच्या चेहऱ्यावरून इकडून तिकडे दिल्या जातात.

शिवाय सिमेंट घट्ट करण्यासाठी जो निळा प्रकाश टाकतात, त्याच्याकडे रोज टक लावून पाहिल्यास डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होऊ शकते. त्यासाठी नारिंगी रंगाची काच असते. ती दिव्याला लावलेली असली तर तिच्या आडून पाहावे. नसली तर नजर बाजूला वळवावी.

जखम नाही, तरी जंतू शिरतो

कण गेला तर डोळा खुपतो, लाल होतो, आपण डॉक्टरांकडे धावतो. पण ज्याने काही खुपत नाही असा धोका जास्त फसवा असतो. हाताची कातडी जाड असते, तिच्यावर थुंकी उडाली आणि जखम नसली तर सहसा काही होत नाही. डोळ्याचे तसे नाही. बुबुळाच्या बाजूचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू यांच्यावर फक्त एक पातळ ओली त्वचा असते. थुंकी-रक्ताचा शिंतोडा तिथे पडला की काही जंतूंना आत जायला वाट मिळते.

साधे डोळे येणे हा त्यातला सौम्य प्रकार. ओठावर किंवा हिरड्यांवर जे पाण्याचे फोड येतात, ज्यांना लोक ‘जर’ म्हणून सोडून देतात, त्यांतले बरेचसे हर्पिस नावाच्या विषाणूचे असतात. तो विषाणू डोळ्यात गेला तर बुबुळावर जखम होते, ती पुन्हा पुन्हा उद्भवते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर नजर जाऊ शकते. म्हणून ओठावर ताजे फोड असलेल्या रोग्याचे तातडीचे नसलेले काम डॉक्टर पुढे ढकलतात. अशा वेळी रोग्याने राग मानू नये.

डोळ्यातून अंगात शिरू शकणारा सर्वांत दांडगा जंतू म्हणजे यकृताला सूज आणणारी ‘ब’ कावीळ, म्हणजेच हिपॅटायटिस बी. तो रक्तात असतो आणि हिरड्यांतून रक्त आले की थुंकीतही उतरतो. वाळलेल्या रक्तात तो सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. एचआयव्हीचे भय लोकांना जास्त वाटते. परंतु बाधित रक्ताचा शिंतोडा डोळ्यात उडाल्याने त्याची लागण होण्याचा संभव हजारात एकाहूनही कमी आहे. म्हणून घाबरून रोग्याला परत पाठवणे, त्याला कमी लेखणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि धम्मालाही धरून नाही. कोणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. म्हणून प्रत्येक रोग्याशी सारखीच काळजी आणि सारखाच आदर, हाच वैद्यकशास्त्राचा नियम आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना हा नियम निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

डोळ्यात उडालेला एक थेंब काय करू शकतो याची दोन उदाहरणे जगाच्या इतिहासात नोंदलेली आहेत. एलिझाबेथ ब्लॅकवेल या अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. १८४९ च्या जानेवारीत त्यांना पदवी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसच्या एका प्रसूतिगृहात एका तान्ह्या बाळाचे पिकलेले डोळे धुताना पाणी उलट उडून त्यांच्या डोळ्यात गेले. त्यांचा डावा डोळा कायमचा गेला आणि शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर होण्याचे त्यांचे स्वप्न तिथेच संपले. दुसरी घटना १९९७ ची. अमेरिकेत अटलांटाजवळ माकडांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात बावीस वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात माकडाच्या पिंजऱ्यातून काहीतरी उडाले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. माकडांमध्ये आढळणारा हर्पिसच्याच कुळातला विषाणू तिच्या अंगात गेला आणि सहा आठवड्यांत ती मरण पावली. माकडाचा तो विषाणू दातांच्या दवाखान्यात नसतो. पण डोळ्याची वाट तीच असते.

सोलापूरच्या सुपुत्राचे रुग्णालय आणि एक बोट

या शहराला या बाबतीत फार लांब पाहण्याची गरज नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनच्या जखमी सैनिकांची सेवा करायला गेले, त्यात ते होते. १९४१ साली ते तिथल्या एका रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या रुग्णालयाला नाव होते डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे. कोटणीसांचे नाव आपल्या मुलांना शाळेत सांगतात, व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. पण बेथ्यून कसे गेले हे फार थोड्यांना माहीत असते.

बेथ्यून हे कॅनडाचे नामांकित शस्त्रक्रियातज्ज्ञ. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर आघाडीवर एका जखमी सैनिकावर घाईत शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला चीर पडली. हातात रबरी मोजे नव्हते. जखमेत जंतू शिरले, विष रक्तात पसरले. पेनिसिलीन तेव्हा मिळत नव्हते. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. गोळीने नव्हे, बॉम्बने नव्हे, बोटावरच्या एका चिरेने. त्यांच्याच नावाच्या रुग्णालयात नंतर आपले कोटणीस रात्रंदिवस राबले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेही गेले.

युद्धभूमीवर मोजे मिळत नव्हते, ती मजबुरी होती. सोलापूरच्या सात रस्त्यावर किंवा अशोक चौकात डोळ्यांवरचा चष्मा मिळत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तिथे चष्मा नसेल तर ती मजबुरी नव्हे, हयगय आहे.

सुई आणि लस

डोळ्याच्या जोडीला सुईची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण दवाखान्यात दोन्ही अपघात एकाच हाताला येतात. भुलीचे इंजेक्शन दिल्यावर सुईवर टोपण परत बसवताना ती बोटात घुसते. हत्यारे घासताना टोकदार आकडा हाताला लागतो. कचरा बांधताना मावशीच्या तळव्यात सुई जाते. ज्याने लस घेतलेली नाही अशा माणसाला ‘ब’ कावीळ असलेल्या रोग्याची सुई टोचली, तर शंभरातून सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हाच आकडा हजारात तीन आहे. म्हणजे ज्याला आपण भितो त्यापेक्षा ज्याचे नावही घेत नाही तो जंतू कितीतरी पट चिवट आहे.

आणि याच जंतूवर लस आहे! तीन डोस घ्यायचे. पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. निरोगी तरुण माणसांत शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना तिने संरक्षण मिळते. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून ती लागू पडली की नाही हेही कळते. आज जन्मणाऱ्या बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमात मिळते. परंतु २०११ साली हा कार्यक्रम देशभर झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या म्हणजे आज कामावर जाणाऱ्या बहुतेक मुलामुलींना ती मिळालेली नसण्याचीच शक्यता जास्त. आईने घरातली पेटी उघडून लसीकरणाचे कार्ड एकदा पाहावे. कार्ड नसेल तर लस मिळाली नाही असेच समजून चालावे.

‘क’ काविळीवर लस नाही. पण तिच्यावर आता गोळ्यांनी खात्रीचा इलाज होतो आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात तो मोफत आहे. मात्र त्यासाठी आधी तपासणी झाली पाहिजे.

काय काय असायला हवे?

पहिली वस्तू चष्मा. घरचा नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे, कारण कण बाजूने आणि खालून शिरतो. दोन्ही बाजूंना आडोसा असलेला, कपाळ आणि गाल यांना नीट बसणारा संरक्षक चष्मा हवा. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावरून बसणारा मोठा चष्मा किंवा कपाळापासून हनुवटीपर्यंतची पारदर्शक ढाल वापरावी. ढाल लावली तरी तोंडावरचा मास्क काढू नये. चष्मा प्रत्येक रोग्यानंतर साबणाने धुवावा. अशा चष्म्याला काही शे रुपयांपेक्षा जास्त लागत नाहीत आणि तो वर्षानुवर्षे टिकतो.

दुसरा चष्मा रोग्याला. खुर्चीत आडवे झाल्यावर डॉक्टर काळा किंवा साधा चष्मा देतात तो शोभेसाठी नसतो. दिला नाही तर रोग्याने मागावा. आपला घरचा चष्मा असेल तर तो काढू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे सवय. हत्यारे आणि सुया रोग्याच्या चेहऱ्यावरून न देता छातीच्या बाजूने खालून द्याव्यात. थुंकी ओढणारी मोठी नळी यंत्राच्या अगदी जवळ धरली तर फवारा बराच कमी होतो. टोपण दोन हातांनी बसवू नये. ते ताटलीत ठेवून एकाच हाताने सुईने उचलावे. हत्यारे घासताना पातळ मोज्यांवर भागवू नये, भांडी घासायचे जाड रबरी मोजे घालावेत आणि त्या वेळीही चष्मा डोळ्यांवर हवाच. घासताना ब्रशने उडालेले पाणी हे रोग्याच्या तोंडातलेच पाणी असते, ही गोष्ट पुष्कळ मुली विसरतात. हातमोजे घातलेल्या हाताने डोळा चोळणे, कपाळावरची बट मागे सारणे, मोबाईल उचलणे, हे सारे बंद.

चौथी गोष्ट हत्यारे निर्जंतुक करण्याची. नुसते पाण्यात उकळल्याने सगळेच जंतू मरतात असे नाही. प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालणारे ऑटोक्लेव्ह यंत्र हवे. त्यात दाबाखालची वाफ १२१ अंशांपर्यंत तापते. रोग्याने नम्रपणे विचारावे, “डॉक्टर, हत्यारे ऑटोक्लेव्हमधली आहेत ना?” चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा आनंदच होतो. आणि रस्त्याच्या कडेला टेबल मांडून दहा मिनिटांत दात बसवून देणाऱ्याकडे स्वस्तात मिळते म्हणून जाऊ नये. त्याच्या एका डबीतली हत्यारे किती तोंडांतून फिरून आली आहेत याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

अपघात झालाच तर

डोळ्यात औषध उडाले तर एक क्षणही न दवडता नळाखाली डोळा धरावा. पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. घड्याळ लावून सोडावे, कारण दोन मिनिटांतच बरे वाटते आणि माणूस थांबतो. पाणी हेच त्या वेळचे औषध आहे. डॉक्टर शोधायला नंतर निघावे, धुणे आधी. निघताना औषधाची बाटली सोबत न्यावी.

साधा कण गेला तर चोळू नये. पाण्याने धुऊन निघाला तर ठीक. खुपणे, लाली, पाणी येणे राहिले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. कण बुबुळात रुतलेला दिसला किंवा डोळ्याला टोक लागून चीर पडली असेल तर धुऊ नये, ओढू नये, दाबून पट्टी बांधू नये. कागदी पेला किंवा तत्सम काही डोळ्यावर दाब न येईल असे झाकून तडक सिव्हिल गाठावे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला आपण सिव्हिल म्हणतो.

आपल्या घराघरांतून चालत आलेले काही उपाय मात्र आजपासून सोडले पाहिजेत. पदराच्या टोकाने कण काढणे, जिभेने कण काढणाऱ्या बाईकडे जाणे, डोळ्यात दूध, तूप, मध किंवा कुठल्या झाडाचा रस घालणे, कोणाची दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहरी उतरवत बसणे. आजीचा हेतू मायेचा असतो, पण जखमी बुबुळावर घरचे दूध म्हणजे जंतूंना जेवण. औषधांच्या दुकानातून आपल्याच मनाने थेंब आणून घालणे हेही तितकेच वाईट. काही थेंबांत स्टिरॉइड असते आणि हर्पिसच्या जखमेत ते पडले तर जखम पसरते.

रक्ताचा किंवा थुंकीचा शिंतोडा डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने धुवावा. साबण, डेटॉल डोळ्याजवळही नेऊ नये. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, बोट तोंडात घालू नये, पिळू नये. त्यानंतर डॉक्टरांना ताबडतोब सांगावे. लपवू नये, कारण पुढची घड्याळे फार कडक आहेत. एचआयव्हीचा संभव असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू झाल्या पाहिजेत. त्या २८ दिवस घ्याव्या लागतात आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. लस घेतलेली नसेल तर ‘ब’ काविळीचे विशेष इंजेक्शन शक्यतो २४ तासांत आणि सोबत लसीचा पहिला डोस द्यावा लागतो. ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्याचे तास निघून जातात.

हा उपकार नाही, हक्क आहे

दवाखाना लहान आहे, डॉक्टर दोनच माणसे ठेवतात, तिथे कसला कायदा, असे आपल्या मुली म्हणतात. हे बरोबर नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले आणि २०१६ साली नवे, अधिक कडक नियम झाले. एका खुर्चीचा दातांचा दवाखानाही त्यांत येतो. या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला ‘ब’ कावीळ आणि धनुर्वात यांची लस मालकाने द्यायची आहे. कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी एकदा तरी त्याची आरोग्यतपासणी करायची आहे. प्रशिक्षण द्यायचे आहे. मोजे, मास्क आणि इतर संरक्षक साधने पुरवायची आहेत. अपघाताची नोंद ठेवायची आहे. रक्त लागलेला कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, मोजे व नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात आणि सुया-पाती आरपार न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, हे सारे ठरलेले आहे.

सुई साध्या कचऱ्याच्या पिशवीत गेली तर ती कोणाच्या हातात शिरते? घंटागाडीवरच्या कामगाराच्या, कचराकुंडीत प्लॅस्टिक वेचणाऱ्या बाईच्या. हे हात कोणत्या वस्त्यांतून येतात ते आपल्याला ठाऊक आहे. घाण आमच्या वाट्याला आणि तिचा धोकाही आमच्याच वाट्याला, ही जुनी वाटणी कायद्याने मोडली आहे. ती व्यवहारात मोडणे आपल्या हातात आहे.

कामगाराच्या जिवाची किंमत कायद्यात लिहिली गेली ती आपोआप नाही. जुलै १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना त्यांच्याच खात्याच्या काळात आखली गेली आणि १९४८ साली तिचा कायदा झाला. गिरणीतल्या आपल्या आजोबांनी त्याचा लाभ घेतला. चार भिंतींच्या दवाखान्यात काम करणारी नात त्याच परंपरेतली कामगार आहे. पांढरा कोट घातला म्हणून ती कामगार नाही असे होत नाही.

मागणी कशी करावी? भांडून नव्हे, पण घाबरूनही नव्हे. एवढेच म्हणावे, “सर, काल माझ्या डोळ्यात कण उडाला. मला चष्मा आणि काविळीची लस मिळावी. कचऱ्याच्या नियमात ते आहे.” पुष्कळ डॉक्टर समजूतदार असतात. त्यांचाही डोळा त्याच फवाऱ्याखाली असतो. एकटीला संकोच वाटत असेल तर आईने किंवा मावशीने पहिल्या दिवशी कामाला लावतानाच पगाराबरोबर हे दोन प्रश्न विचारावेत. सून पाहताना आपण शंभर प्रश्न विचारतो. लेकीला कामाला धाडताना दोन विचारायला काय हरकत आहे? आणि आपल्यातून शिकून दंतवैद्य झालेल्या बंधु-भगिनींनी तर आपल्या दवाखान्यापासूनच सुरुवात करावी.

भगवंतांनी दातवणाचा नियम कसा केला

शेवटी एक जुनी गोष्ट. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात दातवणाची हकीकत आहे. भिक्खू दातवण करीत नसत आणि त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. तेव्हा भगवान बुद्धांनी दातवण न करण्याचे पाच तोटे सांगितले. त्यांतला एक असा की ते डोळ्यांना हितकर नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी दात आणि डोळे एका श्वासात उच्चारले गेले होते! पण याहून महत्त्वाचे पुढे आहे. काही भिक्खू लांबलचक दातवण वापरू लागले आणि त्यानेच श्रामणेरांना मारू लागले. बुद्धांनी नियम केला की दातवण आठ अंगुळांहून लांब नसावे. मग एकाने फारच आखूड दातवण वापरले आणि ते घशात अडकले. बुद्धांनी पुन्हा नियम केला की ते चार अंगुळांहून आखूड नसावे.

नीट पाहा. अपघात झाला तेव्हा तथागतांनी तो कोणाच्या पूर्वजन्मीच्या पापावर ढकलला नाही, शांती करायला सांगितली नाही. कारण शोधले, मोजमाप ठरवले आणि तसा अपघात पुन्हा होऊ नये असा नियम केला. यालाच कार्यकारणभाव म्हणतात, आणि डोळ्यांवरचा चष्मा हे त्याचेच आजचे रूप आहे. महावग्गात आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने आंघोळ घालणारे बुद्ध आपण मुलांना सांगतो. शुश्रूषा करणारा माणूस स्वतः सुरक्षित राहिला तरच त्याची शुश्रूषा टिकते, हे त्याला जोडून सांगावे.

म्हणून येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. दवाखाने, लॅबोरेटऱ्या, कवळीची दुकाने, सफाई यांत आपल्या वस्तीतली किती मुले-मुली-बाया जातात त्याची यादी महिला मंडळाने करावी. काविळीच्या लसीसाठी कोणाचे किती डोस झाले ते तिच्यापुढे लिहावे. तिसऱ्या डोसाची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावी, कारण दोन डोस घेऊन तिसरा विसरणारेच पुष्कळ असतात. चौदा एप्रिलच्या वर्गणीतून ज्यांना मिळत नाही त्यांना एकेक चष्मा घेऊन द्यावा. ध्वनिवर्धकाच्या एका भोंग्याच्या भाड्यात किती तरी डोळे झाकले जातील.

आणि हा अंक घडी करून ठेवण्यापूर्वी घरातल्या लेकीला, सुनेला, भावाला एकच प्रश्न विचारावा. “कामावर डोळ्यांना काय लावतेस?” उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर उद्या सकाळी तिच्या डब्याबरोबर पिशवीत काय जायला हवे ते आपल्याला कळले आहे.

जयभीम.